१६:८ करताना रोज तेच तेच खाऊन कंटाळा आलाय, कोल्हापूरकर ताटात काय घेतात?

उद्यमनगरवाला

नमस्कार मंडळी. वय ४१, शिवाजी उद्यमनगरात स्वतःचं छोटं लेथचं वर्कशॉप आहे. मध्यंतरी रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात औषध नको, आधी वजन उतरवा आणि रात्रीचं उशिराचं जेवण बंद करा. म्हणून १६:८ धरलं. दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं. सकाळी बिनसाखरेचा कोरा चहा, बाकी पाणी.

उपाशी राहायचं जमलं. सुरुवातीला दहा वाजले की डोकं धरायचं, कामगारांवर उगाच खेकसणं व्हायचं, आता ते होत नाही. पँटीला पट्टा लागायला लागलाय. अडचण आहे ती खायच्या आठ तासांची. दुपारी डबा उघडला की दोन उकडलेली अंडी, काकडी, टोमॅटो, एक भाकरी आणि कोरडी भाजी. भाजी म्हणजे कोबी, फ्लॉवर नाहीतर भेंडी. साडेसातला घरी गेलं की परत काकडी, मूगडाळीचं काहीतरी आणि ताक. आता डब्याचं झाकण उघडायच्या आधीच वास ओळखतो. मोबाईलवर बघायला गेलं तर सगळीकडं अ‍ॅव्होकाडो, चिया आणि किन्वा. एकदा हौसेनं ब्रोकोली आणली. आईनं बेसन पेरून तिची भाजी केली आणि पोरगं म्हणालं, बाबा हा फ्लॉवर शिळा आहे काय, हिरवा का पडलाय.

घरात आई, बायको, दोन पोरं. बुधवार-रविवार तांबडा-पांढरा असतोच. माझ्या एकट्यासाठी वेगळं काहीतरी शिजवायला लावणं मला बरं वाटत नाही, आणि त्यांच्यातलं खाल्लं तर डाएट मोडलं असं वाटत राहतं.

आता नेमकं विचारतो. बारा वाजता उपास सोडताना पहिलं काय खावं? रविवारी सकाळी साडेआठला दोस्तांबरोबर मिसळ असते, तिचं काय करायचं? रात्री साडेनऊला गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायची तालमीपासूनची सवय आहे, ती सोडायची का? आणि आईच्या आग्रहानं संकष्टी धरतो, तिथं चंद्रोदयच आठनंतर, मग खायच्या आठ तासांच्या विंडोचं काय? शास्त्र नका सांगू, ताटात काय वाढून घेता ते सांगा.

तर्रीबाज

भावा, बारा वाजता मिसळ खा, विषय कट. मटकी आहे, कांदा आहे, लिंबू आहे, अजून काय पाहिजे? फरसाण कमी घाला म्हणून सांगितलं तर कोण नाही म्हणत नाही. ब्रेडचे दोन स्लाइस घे आणि तिसऱ्याला हात लावू नको. कट मात्र परत परत मागायचा नाही, सगळं तेल तिथंच तरंगतंय. रविवारच्या साडेआठच्या बैठकीला बसायचं असेल तर कोरा चहा घेऊन बस. आमच्यातला एकजण तसाच बसतोय. पहिल्यांदा आम्ही लई चेष्टा केली, आता त्याचं पोट बघून गप्प बसतोय.

दोनदाच

माझं मत थोडं वेगळं. डॉ. श्रीकांत जिचकरांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत मी पाळतो. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, एक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही. १६:८ वाल्यांची गोची इथंच होते. आठ तास मिळालेत म्हणून आठ तास तोंड चालू. बारा वाजता जेवण, दोनला मूठभर भडंग, चारला चहा-खारी, सहाला शेंगा. मग साडेसातला भूकच नसते आणि काकडीवर भागवलं जातं. तुमचं संध्याकाळचं ताट एवढं केविलवाणं का आहे ते आधी तपासा. मधलं बंद केलंत तर दुसऱ्या जेवणाला खरी भूक लागेल आणि खरी भूक असली की माणूस घरात जे शिजलंय तेच मागतो.

तर्रीबाज

भडंगाला मध्ये आणायचं काम नाही.

मेसवाली वहिनी

दादा, तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि कीवही आली. राजारामपुरीत माझी मेस आहे. विद्यापीठातली पोरं, एमपीएससीवाली, बँकेतली बदलीवाली माणसं असतात. तीच माणसं महिनोन् महिने दोन वेळ माझ्याकडं जेवतात, त्यामुळं “रोज तेच तेच” ही तक्रार ऐकणं हा माझा धंदाच आहे. स्वतः मी अकरा ते सात या वेळेत खाते. कुठला व्हिडिओ बघून नव्हे. सकाळच्या भाकरी उरकेपर्यंत अकरा वाजतात, आणि रात्रीच्या पंगतीच्या आधी जेवले नाही तर साडेदहाला भांडी घासून झाल्यावर जेवावं लागतं, म्हणून.

तुमच्या घरी स्वयंपाक करणारीचं काही चुकत नाही. कोबी, फ्लॉवर, भेंडी या दारावरच्या गाडीवरच्या भाज्या. वर्षभर मिळतात, निवडायला कष्ट नाहीत, म्हणून त्याच येतात. तुम्ही स्वतः सकाळी कपिलतीर्थला नाहीतर लक्ष्मीपुरीत एक चक्कर मारा. आत्ता थंडीत काय नाही तिथं? चाकवत, अंबाडी, शेपू, पोकळा, करडई, हरभऱ्याचा पाला, मुळ्याचा पाला, कांद्याची पात, पावट्याच्या शेंगा. पावसाळ्यात पन्हाळा-गगनबावड्याकडच्या बायका डोक्यावरनं टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन येतात. बाजारात त्यांच्यासमोर बसून “ही कशी करायची” एवढं विचारलं की उभ्या-उभ्या कृती मिळते, व्हिडिओपेक्षा बरी.

माझ्या मेसचा नियम सांगते. आठवड्यात तीच पालेभाजी दुसऱ्यांदा शिजवायची नाही आणि तेच कडधान्य दुसऱ्यांदा भिजत घालायचं नाही. बाकी भाकरी, वरण, चटणी, ताक रोजचं तेच असू दे, त्याचा कंटाळा कुणाला येत नाही. कंटाळा येतो तो सोबतच्या दोन वाट्यांचा. सोमवारी मटकी झाली की मग मसूर, मग हुलगे, मग चवळी, मग काळा घेवडा, मग सोललेला पावटा. अख्ख्या मसुराला कांदा-लसूण चटणी घालून जरा अंगासरशी ठेवला की मटण नसल्याची आठवण होत नाही, हे माझ्या पोरांचं सर्टिफिकेट आहे. हुलगे मात्र आदल्या दिवशी सकाळीच भिजत घाला, त्यांना मोड यायला वेळ लागतो. त्याच्या शिजवलेल्या पाण्याचा कट करा, लसूण-जिऱ्याची फोडणी, दोन आमसुलं. थंडीत बारा वाजता वाटीभर गरम कट प्यायला की पोटाला बरं वाटतं आणि जेवणावर अधाशासारखी उडी पडत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. उपास काकडीनं सोडू नका. सोळा तासांनी पोटात गार काकडी टाकली की थोड्या वेळात परत भूक, मग हात भडंगाच्या डब्यात. आधी कट नाहीतर आमटी, मग उसळ, मग भाजी-भाकरी. काकडी असू दे की, पण कोशिंबिरीत, दाण्याचं कूट आणि दही घालून.

अंबाडीचं सविस्तर सांगते, कारण ती एक भाजी घरात आली की तुमचा कंटाळा निम्मा गेला समजा. पानं खुडून उकडायची आणि ते पाणी घट्ट पिळून टाकायचं, नाहीतर दात आंबतात. दुसऱ्या भांड्यात तूरडाळ, मूठभर ज्वारीच्या कण्या आणि भिजवलेले शेंगदाणे मऊ शिजवायचे. कण्या नसल्या तर तांदळाची चुरी चालते. मग दोन्ही एकत्र करून पळीनं घोटायचं. मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, गुळाचा बारका खडा, आणि सैलसर होईल एवढंच पाणी. एक उकळी आली की बास. आता लहान कढल्यात तेल, मोहरी, सुकी मिरची आणि भरपूर लसूण. लसणाची कड तांबूस दिसायला लागली की लगेच खाली उतरवायचं, पुढचं काम कढल्याची धग करते. पूर्ण लाल होईपर्यंत विस्तवावर ठेवला तर ताटात येईपर्यंत कडू होतो. ही फोडणी भाजीच्या पातेल्यात घालायची नाही. ताटात भाजी वाढायची, मध्ये खळगा करायचा आणि त्यात चमचाभर फोडणी. यात पालेभाजी आली, डाळ आली, धान्य आलं, शेंगदाणे आले. एका भाकरीबरोबर वाडगाभर खाल्ली तर संध्याकाळचं जेवण झालं. घरातल्या सगळ्यांनी खायची भाजी आहे, वेगळं पातेलं चढवायला नको.

भाकरीचं पण तसंच. रोज ज्वारी असली तर आठवड्यातनं दोनदा नाचणी करा. आजरा-चंदगडकडची नाचणी इथं सहज मिळते. संक्रांतीच्या मागंपुढं बाजरी, तीळ लावून. पोरांना नाचणीची भाकरी काळी दिसते म्हणून नको असली तर आंबील करा, ताक घालून. भाकरी बंद करायच्या भानगडीत पडू नका. माझ्याकडं एक पोरगा भाकरी-भात सगळं सोडून बसला होता, चार दिवसांनी रात्री अकराला बेकरीतनं क्रीमरोल आणताना सापडला.

अंड्यांबद्दल एक बोलते. तुम्हाला वाटतंय दोन अंडी खाल्ली की प्रोटीनचं काम झालं. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम येतं. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला ५८ ग्रॅमच्या आसपास लागतं असा सरकारी हिशोब आहे, किलोमागं ०.८३ ग्रॅम. मी तो ताटात असा बसवते. मूठभर म्हणजे ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवली तर ११, रात्रीच्या डाळीचे ८, तीन भाकरींच्या पिठाचे १५, दूध-दही मिळून ३०० मिलिलिटरचे १०, शेंगदाण्याच्या चटणीचे ५-६. झाले पन्नास. त्यात एक अंडं पडलं की भरलं. म्हणजे अंड्याचा वार नसला तरी पावट्याची आमटी वाटीभर जास्त घेतली की भागतं. उकडलेलंच अंडं खायला पाहिजे असंही कुणी सांगितलेलं नाही. अंड्याचा रस्सा करा, कांदा जास्त आणि पालक घालून बुर्जी करा.

मटणाच्या दिवशी घरच्यांबरोबर बसा. एकटं बाजूला काकडी घेऊन बसलात तर घरातल्या बाकीच्यांनाही घास गोड लागायचा नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसणावर शिजलं की तिखट-मसाला पडायच्या आधीचं जे पाणी असतं, आपण लहान पोरांना भातावर देतो ते अळणी, ते वाटीभर तुमच्यासाठी बाजूला काढायला सांगा. उपास त्यानं सोडा. मग मटणाच्या फोडी नेहमीसारख्या घ्या, तांबडा वरची तर्री बाजूला सारून घ्या. पांढरा एकच वाटी. तो दिसायला साधा, पण आत नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू सगळं जड सामान असतं. भाकरी आणि भात यातलं त्या दिवशी एकच. जेवण दुपारी एकला उरकलं तर संध्याकाळी सातला ताक आणि कोशिंबीर सोडून काही लागत नाही, हे करून बघा.

आणि कट्ट्यावरच्या दुधाचं. धार समोर काढलेलं म्हशीचं दूध ते, सहा-सात टक्के फॅट. मोठा ग्लास म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी, एक भाकरी-भाजीच झाली. दोस्त सोडू नका, वेळ सोडा. साडेसातला कट्ट्यावर जाऊन बिनसाखरेचं दूध प्या आणि त्या दिवशी रात्रीच्या ताटातली एक भाकरी कमी करा. साडेनऊला जायचंच असेल तर गप्पा मारा आणि परत या.

रुकडीकर

वहिनींनी सगळं सांगितलंय, मी फक्त आमच्या घरातलं जोडतो. आम्ही जैन, शेतकरी. सूर्यास्ताच्या आत जेवण हे आजीच्या काळापासून आहे, त्याला कुणी १४:१० म्हणत नव्हतं. कोल्हापूर भागात हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात, तशी आमच्या जेवणाची वेळ मागंपुढं सरकते. साखर कारखान्यात पाळी असली की बाबा चारला घरनं निघताना जेवून जायचे आणि डब्यात फक्त पाणी. फिरतीवर असलेला माझा भाऊ मात्र हे पाळू शकत नाही, ते पण सांगतो.

तुमच्या प्रश्नाला धरून कामाचं म्हणजे आमचा चातुर्मास. तेव्हा आमच्याकडं पालेभाज्या बंद, कांदा-लसूण, बटाटा, कंदमुळं बंद. चार महिने हिरवा पाला नाही म्हटल्यावर आई काय करते ते बघण्यासारखं असतं. शेंगदाण्याची आमटी, मुगाचे सांडगे, कढीत सोडलेले डाळीचे गोळे, वरणफळं, दोडक्याची डाळ घालून भाजी, दुधीचं थालीपीठ, ओल्या खोबऱ्यातली चवळी, कच्च्या केळ्याची भाजी. दोडक्याच्या शिरांची चटणी तर वेगळीच, तीळ आणि सुकं खोबरं घालून तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परतायची. डब्यात एवढी चटणी आणि दही असलं तर भाजी कुठली आहे याकडं लक्ष जात नाही.

वरणफळं तुमच्यासाठी खास सुचवतो. पोरं आवडीनं खातात, एकाच भांड्यात होतात. फक्त कणकेबरोबर निम्मं ज्वारीचं पीठ घ्या आणि डाळ दुप्पट. तुमची शुगर काठावर आहे म्हणून म्हणतो. कच्च्या केळ्याची भाजी पण त्या दिवशी भाकरी कमी करून.

संध्याकाळी लवकर जेवायचा एक त्रास आहे, कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. लग्नकार्यात आणि जत्रेत तुम्ही एकटे पडता. माझा उपाय साधा आहे. घरनं जेवून जायचं आणि तिथं पाण्याची बाटली हातात ठेवायची. हातात काहीतरी असलं की कुणी ताट आणून देत नाही.

औषधाच्या दुकानातला

तुम्ही शास्त्र नको म्हणालात, तरी थोडं चालवून घ्या. कारण इथं वाचणारे सगळेच बिनऔषधाचे नसतील. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना सकाळचं खाणं परस्पर बंद केलं तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी. लेथवर उभ्या असलेल्या माणसाला हे परवडणारं नाही. अशांनी डॉक्टरांकडनं डोस आणि वेळ बदलून घेतल्याशिवाय काही सुरू करू नये. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढीच्या वयातली पोरं यांनी तर या वाटेला जाऊच नये.

दुसरं. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११६ जण होते, १२ आठवडे. त्यातल्या एका गटाला अगदी तुमच्यासारखंच दुपारी १२ ते रात्री ८ या वेळेतच खायला सांगितलं होतं, काय आणि किती ते ज्याच्या त्याच्यावर. दिवसभरात तीन वेळा जेवणाऱ्या गटापेक्षा त्यांचं वजन काही लक्षात घेण्याजोगं जास्त उतरलं नाही, आणि जे उतरलं त्यात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या भागाचा वाटा मोठा दिसला. चीनमध्ये २०२२ ला १३९ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीतही, कॅलरी दोन्ही गटांच्या सारख्याच कमी केल्यावर घड्याळ पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ तुमचं चाललंय ते वाया नाही. रात्रीचं अरबटचरबट बंद होतं हाच मोठा फायदा. पण आठ तासांत ताटात काय पडतं ते घड्याळाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि म्हणून वहिनींचा मटकीचा हिशोब मला पटला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातलं पहिलंच विविध प्रकारचं अन्न खाण्याबद्दल आहे. त्यांच्या २००० कॅलरीच्या नमुना ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. दोन जेवणांत ४०० ग्रॅम भाजी बसवायची तर दोन्ही वेळा मोठी वाटी लागते, चमचाभर कोरडी भाजी पुरत नाही.

संकष्टीचं उत्तर राहिलंय. चंद्रोदय बहुतेक वेळा आठ ते दहाच्या दरम्यान असतो. त्या दिवशी विंडो दुपारी २ ते रात्री १० करा, महिन्यातनं एक दिवस सरकलं तर काही बिघडत नाही. पण दुपारी साबुदाण्याची खिचडी ताटभर खाऊ नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नाही. तुमच्या शुगरला तो सगळ्यात वाईट. वरीचे तांदूळ थोडे, शेंगदाण्याची आमटी जास्त, दही, एखादं उकडलेलं रताळं. रात्री मोदक एक.

तर्रीबाज

मोदक एकच म्हणणाऱ्या माणसाचं दुकान कुठल्या पेठेत आहे?

उद्यमनगरवाला

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोला आणि आईला सगळं वाचून दाखवलं. अंबाडीचं आईला तोंडपाठ होतं. “मी सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीस, आता मोबाईल सांगतोय” असं ऐकून घेतलं. बायकोनं अट घातलीय की बाजार मी करायचा आणि पालेभाजी मी निवडून द्यायची, मग ती रोज वेगळी भाजी करायला तयार आहे. दोनदाच म्हणाले ते पण खरं निघालं. वर्कशॉपमध्ये चार वाजता चहाबरोबर जे काय आत जातंय ते मी मोजतच नव्हतो, पोरं वडा आणतात आणि एक माझ्यापुढं ठेवतात.

ठरलंय ते असं. डब्यात अंडी एक दिवसाआड, मधल्या दिवशी उसळ. रविवारी मिसळीच्या बैठकीला कोरा चहा. कट्ट्यावर साडेसातला जायचं म्हटलं तर दोस्त म्हणाले आम्ही पण येतो, आमच्या पण घरात उशिराच्या जेवणावरनं ओरडा आहे. वहिनी, दोनच शंका. उसळ डब्यात सकाळी भरली तर बारापर्यंत वास मारते काय? आणि चाकवत बाजारात ओळखायचा कसा? परवा चाकवत म्हणून मी भलतीच जुडी घेऊन आलो असं आई म्हणते.

मेसवाली वहिनी

उसळ गरम असताना झाकण लावू नका, वाफ आत राहिली की लवकर विटते. ताटात पसरून निववा, मग डबा भरा. थंडीत काही होत नाही. उन्हाळ्यात ओलं खोबरं घालू नका, सुकं घाला, आणि लिंबू डब्यात न पिळता फोड वेगळी न्या.

चाकवताच्या पानाच्या मागच्या बाजूला पिठूळ, पांढुरकी झाक असते, बोटाला लागल्यासारखी वाटते. पान कोवळं, देठ नखानं सहज तुटणारा बघा. फुलोरा आलेली जुडी घेऊ नका, चरबट लागते. आणि एका जुडीवर पाच माणसांचं भागणार नाही, शिजून मूठभर होतो, चार तरी घ्या. ताकातला करायला सांगा, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून. निवडायला तुम्ही बसणार आहात म्हणून आधीच सांगते, माती फार असते, तीन पाण्यांनी धुवा.